तुटेल तेच सोबत घ्या

आमच्याकडे प्रवासाला निघायचं म्हणजे आधी फराळाचे डबे भरतात. भाच्याच्या सॅक्रामेंटोच्या घरी आधी भरले गेले ते दोन एक्सल शाफ्ट. काळपट, जाडजूड, तेल चोपडून जुन्या टॉवेलात गुंडाळलेले, टोकाला यू-जॉइंटचे क्रॉस आधीच बसवून ठेवलेले. एखादं तान्हं मूल घ्यावं तसं त्याने एकेक गुंडाळं दोन्ही हातांनी उचलून जीपच्या मागच्या बाजूला पट्ट्यांनी आवळून टाकलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मामा, जे तुटेल तेच सोबत घ्यायचं. जे तुटणारच नाही ते वाहून नेऊन काय करायचं?"

मग त्याने माझ्या हिने पाठवलेला चिवडा शाफ्टच्या शेजारी कोंबला. त्याच्या लेखी तोही सुटा भागच असावा.

जायचं होतं रुबिकॉन ट्रेलला. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातली ही साधारण २२ मैलांची, म्हणजे ३५ किलोमीटरची वाट. सोन्याच्या शोधाच्या दिवसांत वसलेल्या जॉर्जटाउनकडून ती निघते आणि टाहो सरोवराच्या बाजूला उतरते. वाट म्हटलं तरी कागदोपत्री ती सरकारी रस्ता आहे. एल डोराडो काउंटीने १८८७ सालीच तिला सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केलं होतं. मध्यावरच्या रुबिकॉन स्प्रिंग्ज इथलं झऱ्याचं पाणी प्यायला तेव्हा लोक घोडागाडीतून येत, उतरायला एक हॉटेलही होतं. पुढे हॉटेल गेलं, घोडे गेले, रस्त्यावरची माती पावसाने आणि बर्फाने नेली. उरला तो नुसता कातळ.

या उघड्या कातळावरून १९५३ च्या ऑगस्टमध्ये ५५ जीप आणि १५५ माणसांचा तांडा गेला. तीच पहिली 'जीपर्स जँबोरी'. ती भरवणाऱ्यांतले मार्क स्मिथ पुढे १९७८-७९ मध्ये सीजे-७ जातीच्या जीप घेऊन दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून थेट अलास्कापर्यंत गेले, आणि तेही वाटेतलं डॅरियनचं दलदलीचं जंगल पार करून. २००३ मध्ये जीप कंपनीने रँग्लरच्या सगळ्यात कणखर अवताराला या वाटेचंच नाव दिलं. त्या रुबिकॉनमध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे डाना ४४ एक्सल होते, दोन्हींत लॉकर होते आणि लो रेंज चारास एक होती. भाच्याकडे तिच्या पुढच्या पिढीची गाडी आहे, सहा गिअरची, गिअर हाताने टाकायची.

लून लेकच्या धरणाशी आमच्या ताफ्यातल्या चारही गाड्या थांबल्या. उंची सहा हजार फुटांच्या वर, पाणी निळंशार, हवेत पाइनच्या राळेचा वास. इथे पहिलं काम म्हणजे टायरची हवा सोडायची. चार गाड्यांची सोळा चाकं एकदम फुसफुसू लागली की नागपंचमीच्या दिवशी गारुड्याच्या पेटाऱ्याजवळ बसल्यासारखं वाटतं. मऊ पडलेला टायर दगडाला नुसता टेकत नाही, त्याला कवेत घेतो. एवढ्यावरच निम्मं काम होतं. उरलेल्या निम्म्यासाठी लॉकर.

लॉकर कळायला आधी डिफरन्शियल कळावं लागतं. आपल्या बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही, कारण तिची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरलं तर फिरू दे, बैलांना त्याचं काही नाही. पण इंजिनाने चाक फिरवायचं म्हटलं की एकाच शाफ्टचा जोर दोन चाकांना वाटावा लागतो, आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरूही द्यावं लागतं. ही गाठ वाफेच्या गाडीसाठी सोडवून १८२८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने. त्याची युक्ती आजही घराघरातल्या गाड्यांत फिरते आहे.

तिच्यात एकच मेख आहे. डिफरन्शियल दोन चाकांना फेरे वेगवेगळे देतं, जोर मात्र दोघांना सारखाच देतं. तागडीसारखंच. एका पारड्यात काही नसेल तर दुसऱ्या पारड्यातलं वजन तागडीला तोलून धरता येत नाही. एक चाक चिखलात किंवा हवेत असेल तर त्याला फिरवायला जोर लागतच नाही, आणि मग कोरड्या दगडावर टेकलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, जोर मिळतो. लहानपणी काकांची जीप पावसाळ्यात गावाबाहेरच्या चढावर रुतायची तेव्हा हे रोज पाहिलं होतं. मागचं एक चाक लाल चिखलाचे फवारे उडवत गरगरायचं आणि दुसरं तपश्चर्येला बसल्यासारखं ढिम्म. आम्ही पोरं झावळ्या आणि धोंडे आणून फिरणाऱ्या चाकाखाली टाकायचो. काका फोर बाय फोरचा दांडा ओढायचे. मग पुढचंही एक चाक गरगरायचं. चार चाकांची गाडी, आणि फिरताहेत दोन, तीही नको ती!

लॉकर ही तागडीच बांधून टाकतो. डाव्या-उजव्या चाकांचे शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि दोन्ही चाकं एका दांड्यावर ठोकल्यासारखी एका गतीने फिरतात. हे करायच्या तऱ्हा अनेक. डेट्रॉइट लॉकर मुळातच बंद असतो आणि वळताना बाहेरच्या चाकाला तेवढ्यापुरता सोडतो. गावातल्या कोपऱ्यावर त्याचा खाडकन आवाज आला की शेजारी वळून बघतात. ऑस्ट्रेलियातल्या एआरबीचा लॉकर छोट्या कंप्रेसरच्या हवेवर चालतो. बटण दाबलं की हवा एक कडी सरकवते आणि दात अडकतात. आपल्याकडे २०१५ च्या थारमध्ये मागच्या एक्सलला ईटनचा जो लॉकर आला त्याला बटणच नाही. दोन चाकांच्या गतीत ठरावीक फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि तो आपला आपण अडकतो. आणि गरिबाचा लॉकर सगळीकडे एकच: डिफरन्शियल उघडायचं आणि आतल्या गिअरना सरळ वेल्डिंग मारून मोकळं व्हायचं. अमेरिकेत त्याला 'लिंकन लॉकर' म्हणतात. लिंकन हे वेल्डिंग मशीनच्या कंपनीचं नाव.

भाच्याच्या गाडीत काम विजेवर. लो रेंज टाकल्याशिवाय बटण दाद देत नाही. आधी मागचा, मग मागचा-पुढचा दोन्ही. दिवा लुकलुकत राहतो, दात बसले की स्थिर होतो.

वॉकर हिलच्या पुढे गाड्यांचा वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी झाला. प्रत्येक अडथळ्यापाशी एकजण खाली उतरून समोर उभा राहतो आणि चाक कुठे ठेवायचं ते हाताने दाखवतो. तो 'डावीकडे-उजवीकडे' म्हणत नाही, कारण समोरासमोर उभ्या माणसांचं डावं-उजवं उलटं असतं. तो 'ड्रायव्हर' आणि 'पॅसेंजर' म्हणतो, म्हणजे त्या त्या बाजूला वळव. आपल्याकडचा क्लीनर 'येऊ दे, येऊ दे, बास!' म्हणत टपावर थाप मारतो. इथे थाप नाही, बाकी तेच.

या वेगाची गंमत गणितात आहे. भाच्याच्या गाडीचा पहिला गिअर ४.४६, लो रेंज ४, एक्सलचं प्रमाण ४.१०. तिन्हींचा गुणाकार जवळपास ७३. म्हणजे इंजिन ७३ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. गती ७३ पट घटते तसा जोर ७३ पट वाढतो. इंजिन जास्तीत जास्त ३२० न्यूटन-मीटरच्या आसपास पिळा देतं; कागदावर चाकांपाशी तो तेवीस हजारांच्या पुढे जातो. एवढा जोर पेलण्याची ताकद त्या टॉवेलातल्या शाफ्टमध्ये नाही. मग तो रोज तुटत कसा नाही? कारण चाक घसरतं. घसरणं हाच खरा फ्यूज. टायर मोठे बसवले, हवा कमी केली, कोरड्या ग्रॅनाइटवर आलात की चाक घसरायचं थांबतं आणि फ्यूज काढून टाकल्यासारखं होतं. त्यात लॉकर टाकला, एक चाक हवेत गेलं, की त्या एक्सलचा सगळा जोर टेकलेल्या एकाच चाकाच्या शाफ्टवर येतो. सुट्या डिफरन्शियलमध्ये त्याला फार तर निम्मा आला असता.

माझ्यासारख्या चिखलातल्या माणसाला हे उमगायला वेळ लागला. लॉकरने गाडीत ताकद येते अशी माझी समजूत होती. ताकद येत नाही, फक्त वाटणीची पद्धत बदलते. आणि वाटणी बदलली की भार कुणाच्या डोक्यावर बसणार हेही बदलतं.

तो कुणाच्या डोक्यावर बसला ते दुपारी दिसलं.

आमच्या पुढे एका निवृत्त लाइनमनची तपकिरी जीप होती. सांगाडा एका सालातला, एक्सल दुसऱ्याच गाडीचे, बाकीचं त्याने स्वतः जोडलेलं. बफ रंगाच्या टोपीखाली पांढऱ्या मिशा, तोंडात तंबाखूऐवजी च्युइंग गम. लिटल स्लूसच्या दगडांत त्याचं उजवं पुढचं चाक एका पायरीला भिडलं. डावं पुढचं चाक हातभर हवेत. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. दोन्ही लॉकर टाकलेले. समोरचा माणूस हात हलवून 'थांब, सरळ कर' सांगत होता, पण म्हातारबांनी जरासा ॲक्सिलरेटर दिला. गाडी हलली नाही. आणखी दिला. उजवं चाक पायरीवर एकदा उसळलं, परत टेकलं आणि—

घंटेला तडा गेल्यावर ती जशी वाजेल तसा आवाज आला. ठण्ण. मग शांतता. मग कुणीतरी म्हणालं, "दॅट्स अ जॉइंट."

पुढच्या चाकाला वळायचं असतं आणि फिरायचंही असतं, म्हणून तिथला शाफ्ट एकसंध नसतो. दोन तुकडे यू-जॉइंटने जोडलेले असतात. दोन्ही तुकड्यांना दोन-दोन कान, मधे अधिकचिन्हासारखा क्रॉस, क्रॉसच्या टोकांवर टोप्या. चाक सरळ असताना भार सगळ्या कानांवर नीट बसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की तोच भार कानांच्या कडांवर जातो, कान फाकतात आणि टोपी बाहेर सरकते. टोपी निसटली की क्रॉस आतल्या आत घणासारखा आदळतो. यात भर पडली ती त्या उसळीची. हवेत गरगरून गती घेतलेलं चाक एकदम टेकलं की सगळी साठलेली शक्ती एका क्षणात शाफ्टमध्ये शिरते. दाबून ढकललेलं दार आणि लाथ मारून उघडलेलं दार यांत जो फरक, तोच इथे.

आता म्हाताऱ्याला तिथून बाहेर काढायचं कसं? इथे मला वाटलं विंच लागणार. पण म्हाताऱ्याने लॉकर तसाच ठेवला, रिव्हर्स टाकला आणि अगदी हळू मागे घेतली. पुढचं डावं चाक जमिनीला टेकलं आणि तेही ओढू लागलं! डिफरन्शियल सुटं असतं तर सगळा जोर तुटलेल्या बाजूच्या मोकळ्या शाफ्टमध्ये वाया गेला असता आणि पुढचा अख्खा एक्सल निकामी झाला असता. ज्या लॉकरने शाफ्ट तोडला, त्याच्याच कृपेने उरलेलं चाक कामी आलं. म्हातारा मात्र रिव्हर्समध्ये जपून होता. रिव्हर्सला क्राऊन-पिनियन या एक्सलमधल्या गिअरजोडीचे दात उलट्या बाजूने भार घेतात, मागच्या एक्सलच्या दातांची ती बाजू कमी मजबूत असते. अडकलेल्या गाडीला रिव्हर्समध्ये हिसके देऊन लोक दात उडवतात आणि मग शाफ्टपेक्षा कितीतरी मोठं दुखणं होऊन बसतं.

सपाट कातळावर गाडी उभी केली. लांब दांड्याचा जॅक लावला, चाक काढलं. ब्रेकचं कॅलिपर काढून तारेने स्प्रिंगला लटकावलं, म्हणजे ब्रेकच्या नळीवर ताण नको. मग मधला मोठा नट, मग मागून हबचे तीन बोल्ट. हब गंजाने धरलेलं होतं; त्यावर हातोडीचे आठ-दहा ठोके, आणि ते सुटलं. शाफ्ट ओढून काढताना गिअर ऑइलचा वास आला. तो ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. तेलात गंधकाची मिसळ असते, त्यामुळे सडक्या अंड्यासारखा वास कपड्यांत दोन धुण्यांपर्यंत राहतो. काकांचे मिस्त्री याच वासाचे असायचे.

तेल बाहेर येण्याआधीच भाच्याने खाली पांढऱ्या शोषक गाद्या अंथरल्या होत्या. ही काही त्याची हौस नव्हे. २००९ मध्ये पाण्याच्या गुणवत्तेवर देखरेख ठेवणाऱ्या प्रादेशिक मंडळाने या वाटेबाबत काउंटीला सफाईचा आदेश बजावला. सांडलेलं तेल, वाहून जाणारी माती, माणसांची घाण, सगळं खालच्या झऱ्यांत जात होतं. तेव्हापासून तेल पुसायचा संच आणि शौचाच्या पिशव्या सोबत ठेवणं हा इथला शिष्टाचार झाला आहे. आपल्या घाटातले किती जण ऑइल बदलून जुनं ऑइल दरीत ओततात ते मी भाच्याला सांगितलं नाही. त्याला ते माहीत होतंच.

म्हाताऱ्याने स्वतःचा सुटा शाफ्ट काढला, तोही टॉवेलात. हाऊसिंगच्या काळोख्या नळीतून शाफ्ट आत सारायचा आणि त्याच्या टोकाच्या खाचा आतल्या गिअरच्या खाचांत न बघता बसवायच्या. सुईत दोरा ओवण्यासारखंच, फक्त दोरा लोखंडाचा. तो डोळे मिटून शाफ्ट जरा फिरवायचा, जरा उचलायचा. चौथ्या खेपेला 'सुळ्ळ' करून तो आत गेला. तासाभरात गाडी परत आपल्या चाकांवर.

तुटलेला शाफ्ट त्याने माझ्या हातात दिला. एक कान पार उडालेला, दुसरा बाहेर वळलेला. तुटल्या जागी पोलाद साखरेच्या खड्यासारखं चमकत होतं. मग त्याने आतलं टोक दाखवलं. खाचा सरळ असायला हव्यात, त्या किंचित पिळल्या होत्या, वेणीसारख्या. "हा मला गेल्या वर्षीपासून सांगत होता," तो म्हणाला, "मी ऐकलं नाही."

रात्री मुक्काम रुबिकॉन स्प्रिंग्जला. हॉटेल होतं त्या परिसरात आता तंबू आणि शेकोट्या. चिवडा फिरला, म्हाताऱ्याने त्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले. गप्पा अर्थातच मोडण्याच्या. पूर्वीच्या लँड रोव्हरवाल्यांच्या सामानात मागचे सुटे हाफ-शाफ्ट ठरलेले असत. तुटला की बाहेर ओढायचा आणि पुढच्या चाकांवर घरी जायचं. हे जमायचं कारण तिथे गाडीचं वजन शाफ्टवर नव्हे, हबवर असतं. महायुद्धातल्या लष्करी जीपचा मागचा एक्सलही तसाच होता. ज्या गाड्यांत शाफ्टच चाकाला धरून ठेवतो, तिथे शाफ्ट तुटला की चाकही त्याच्याबरोबर बाहेर निघू लागतं. शेजारच्या तंबूतल्या एकाने दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून, चोवीस व्होल्टवर वेल्डिंगची कांडी लावून, फुटलेला स्प्रिंगचा ब्रॅकेट कसा जोडला होता ते अभिनयासह सांगितलं. जोडकामाच्या उजेडाने काळा चष्मा नसल्यामुळे त्याचे डोळे दोन दिवस चुरचुरले होते.

मी म्हाताऱ्याला विचारलं, की एवढं सगळं होतं तर सरळ जाड शाफ्ट का नाही बसवत? क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे मिळतात, साध्यापेक्षा कितीतरी दणकट.

त्याने काडीने राखेत रेघ मारली. इथे इंजिन, इथे गिअर बॉक्स, इथे क्राऊन-पिनियन, इथे शाफ्ट, इथे जॉइंट. जॉइंट भक्कम केला तर शाफ्ट जाईल. शाफ्ट भक्कम केला तर क्राऊन-पिनियन. क्राऊन-पिनियन मला कातळावर बसून बदलता येत नाही. त्याला शिमा लागतात, डायल गेज लागतो, अंगणातला कट्टा लागतो. जॉइंट मला बदलता येतो. "सो आय लेट द जॉइंट गो," तो म्हणाला आणि रेघेच्या टोकाला त्याने एक टिंब काढलं.

दुसऱ्या दिवशी कॅडिलॅक हिल. कुणा काळी इथे कोसळलेल्या एका जुन्या कॅडिलॅकच्या सांगाड्यावरून पडलेलं हे नाव. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मधे वळणावळणाची दगडी नळी. भाच्याने फक्त मागचा लॉकर टाकला. पुढचा टाकला की स्टिअरिंग अडून बसतं आणि जॉइंटवर कालच्यासारखा भार येतो. अवघड पायरी आली की चाकं सरळ करायची, पुढचा लॉकर टाकायचा, चढायचं, लगेच काढायचा. बटण खाली, बटण वर. तो एकदाही ॲक्सिलरेटर दाबून चढला नाही. इंजिन नुसतं घुटमळत होतं आणि गाडी बाळबोध वळणाची अक्षरं गिरवावीत तशी एकेक दगड गिरवत वर जात होती. वरच्या ऑब्झर्व्हेशन पॉइंटवरून खाली रुबिकॉनची दरी दिसली आणि आपण कुठून आलो ते पाहून पोटात गोळा आला.

टाहोमाला उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पेट्रोल पंपावर टायरमध्ये पुन्हा हवा भरायच्या रांगेत सगळे उभे होते. म्हातारबा फोनवर कुणाला तरी सुटा भाग सांगत होते. भाच्याने मान कलती करून ऐकलं आणि हसला.

"काय मागवतोय?" मी विचारलं.

"तोच. साध्या पोलादाचा. एक नाही, दोन."